वाऱ्याच्या मोटेचे मोटकरी

एखादा मनुष्य अशक्य गोष्टीच्या मागें लागला म्हणजे तो वाऱ्याची मोट बांधूं पाहत आहे, असें म्हणण्याची मराठींत रीत आहे. वारा डोळ्यांना दिसत नाहीं, मुठींत धरतां येत नाहीं. त्याची मोट ती कशी बांधावयाची? परंतु युरोपच्या वायव्येस पसरलेल्या उत्तर समुद्रावर गेल्या कांहीं दशकांत ही म्हण खोटी ठरत आली आहे. तेथें भर पाण्यांत प्रचंड पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या वाऱ्यापासून वीज उपसतात आणि समुद्राच्या तळाशीं पुरलेल्या जाड तारांवाटे ती किनाऱ्यावर पोंचवितात. ब्रिटनमध्यें २०२४ सालीं तयार झालेल्या विजेपैकीं सुमारें ३० टक्के वीज जमिनीवरच्या व समुद्रावरच्या वाऱ्यानें मिळून दिली, यावरून ही मोट किती भरून येते याचा अंदाज यावा.

पण विहिरीवरची मोट ज्यांनीं चालतांना पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मोट नुसती बांधून भागत नाहीं. चाक, नाडा, चामडें हीं सारीं धड राहावीं लागतात. आणि त्यांवर सतत नजर ठेवणारा मोटकरी धावेवर उभा असावा लागतो. वाऱ्याच्या या मोटेलाही मोटकरी आहेत. त्यांना त्या देशांत तंत्रज्ञ म्हणतात. चक्क्यांचीं छायाचित्रें जगभर छापून येतात. त्यांवर चढणाऱ्या या माणसांची हकीकत मात्र क्वचितच कोणाच्या कानीं पडते.

समुद्रावरचें पहिलें पवनक्षेत्र डेन्मार्कनें १९९१ मध्यें लोलंड बेटाजवळ व्हिंडेबी येथें उभारलें. त्यांत ११ चक्क्या होत्या व प्रत्येकीची शक्ति ४५० किलोवॅट होती. पंचवीस वर्षांची सेवा करून २०१७ मध्यें त्या उतरविण्यांत आल्या. त्यानंतरची वाढ केवढी झाली हें एकाच उदाहरणानें स्पष्ट होईल. इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यापासून सुमारें १२० किलोमीटर आंत ‘हॉर्न्सी वन’ नांवाचें क्षेत्र आहे. तें २०१९ मध्यें वीज देऊं लागलें. त्यांत १७४ चक्क्या असून प्रत्येकीची शक्ति ७ मेगावॅट आहे. म्हणजे व्हिंडेबीच्या अकराही चक्क्या मिळून जेवढी वीज देत, तीहून अधिक येथील एकटी चक्की देते. तिचें एकेक पातें सुमारें ७५ मीटर लांब आहे. त्याच समुद्रांतील डॉगर बँक येथें २०२३ च्या ऑक्टोबरांत ज्या चक्क्या वीज देऊं लागल्या, त्या १३ मेगावॅटच्या असून त्यांचें पातें १०७ मीटर लांबीचें आहे.

एवढा खटाटोप समुद्रांत जाऊन कां करावयाचा, असा प्रश्न साहजिक मनांत येतो. त्याचें उत्तर वाऱ्याच्या स्वभावांत आहे. जमिनीवर डोंगर, झाडें व घरें वाऱ्याला अडवितात, फाडतात, भोंवऱ्यांत घालतात. समुद्रावर त्याला आडकाठी नसते. तो अधिक वेगानें व अधिक एकसारखा वाहतो. शिवाय निसर्गाचा एक हिशेब फार उदार आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यांतील शक्ति दुप्पट होऊन थांबत नाहीं. ती आठपट होते. म्हणून थोड्या अधिक वाऱ्यासाठीं पुष्कळ दूर जाणें परवडतें.

परंतु याच हिशेबानें तंत्रज्ञाच्या वाट्यास एक विचित्र अडचण आली आहे. चक्की सेकंदास तीन-चार मीटर वेगाच्या वाऱ्यांत फिरूं लागते आणि वारा सेकंदास २५ मीटरच्या आसपास पोंचला, म्हणजे ताशीं ९० किलोमीटर झाला, कीं बहुतेक चक्क्या आपलीं पातीं वळवून स्वतःच थांबतात. या दोन टोंकांमध्यें वारा जितका जोरानें वाहील, तितकें मालकाचें उत्पन्न अधिक. पण वारा जोरानें वाहूं लागला कीं समुद्र उसळतो, आणि समुद्र उसळला कीं दुरुस्तीस जाणारा माणूस चक्कीपाशीं पोंचूं शकत नाहीं. ज्या दिवशीं चक्की कमावते त्या दिवशीं तिचा वैद्य किनाऱ्यावर अडकलेला असतो. वैद्याला जातां येतें त्या दिवशीं वारा मंद असतो. हिवाळ्यांतील वादळी आठवड्यांत एखादी चक्की बिघडली, तर भर वाऱ्यांत ती हात जोडून उभी राहते. ७ मेगावॅटची चक्की पूर्ण शक्तीनें चालली तर एका दिवसांत १,६८,००० युनिट वीज देईल. तेवढी वीज प्रत्येक दिवशीं वाऱ्यावर गेली असा त्याचा अर्थ. हा आंकडा मालकाला ठाऊक असतो, अधिकाऱ्याला असतो आणि तंत्रज्ञालाही असतो. या धंद्यांतील खरी कसोटी काय आहे, हें समजून घ्यावयाचें असेल तर हा आंकडा ध्यानांत ठेवला पाहिजे.

हॉर्न्सीच्या चक्क्यांची देखभाल ज्या गांवांतून होते त्याचें नांव ग्रिम्सबी. हंबर नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या मुखाशीं हें जुनें बंदर आहे. एके काळीं जगांतील मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होई. आइसलंडभोंवतालच्या थंड पाण्यांतील कॉड मासा आणावयाचा आणि साऱ्या इंग्लंडला पुरवावयाचा, यावर गांवाचा संसार चाले. आइसलंडनें आपल्या मासेमारीची हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढविली, त्यावरून तंटा झाला आणि १९७६ मध्यें तो आइसलंडच्या मनासारखा मिटला. ग्रिम्सबीच्या दूरवर जाणाऱ्या नौकांचा धंदा त्यानें बसला. पुढें अनेक वर्षें ओस वाटणाऱ्या त्या गोदींत आतां पवनचक्क्यांचीं भांडारें, कचेऱ्या व नौका आहेत. ज्या समुद्रानें आजोबाला मासे दिले तोच समुद्र नातवाला वारा देत आहे. मात्र त्याच्याशीं वागण्याची रीत बदललेली नाहीं. आकाश पाहावें, लाट पाहावी, आणि मग पाऊल टाकावें हीच ती रीत.

किनाऱ्याजवळच्या क्षेत्रांत काम करणारा तंत्रज्ञ पहांटेस उठून गोदीवर येतो. हवामानाचा अंदाज आधींच आलेला असतो. लाटांची उंची सुमारें दीड मीटरच्या आंत असली तर लहान नौका निघते. तीहून अधिक असली तर बहुधा निघत नाहीं. हॉर्न्सीसारख्या दूरच्या क्षेत्रांत रोज जाऊन येणें शक्य नसल्यामुळें मोठें जहाजच तेथें मुक्काम करतें. तंत्रज्ञ त्यावर सामान्यतः दोन आठवडे राहतात, रोज बारा तास काम करतात आणि मग दोन आठवडे घरीं जातात. त्या जहाजाला एक नवलाचा पूल असतो. जहाज लाटांवर वरखालीं होत असतां हा पूल यंत्राच्या साहाय्यानें उलट दिशेनें हलून आपलें टोंक चक्कीच्या सज्जाशीं स्थिर ठेवतो. त्यामुळें दीड मीटरहून मोठ्या लाटांतही माणूस पायीं चालत पलीकडे जातो.

लहान नौकेवरून जाणाऱ्यास मात्र हें सुख नसतें. चक्कीच्या पायथ्याशीं दोन जाड उभ्या नळ्या व त्यांमागें एक लोखंडी शिडी असते. नौकेचा कप्तान आपल्या नौकेचें रबरी नाक त्या नळ्यांवर टेकवितो आणि इंजिनाच्या जोरावर तें दाबून धरतो. जोंपर्यंत रबर नळीला चिकटून आहे तोंपर्यंत नौका स्थिर. एखादी मोठी लाट आली कीं ती निसटून एकदम खालीं किंवा वर जाऊं शकते. तंत्रज्ञ नाकावर उभा राहतो. वरून लोंबणाऱ्या सुरक्षादोराचा आंकडा आपल्या पट्ट्यांत अडकवितो. शेजारीं खलाशी उभा असतो. लाटांच्या दोन-चार फेऱ्या पाहून, नौका धरली गेली आहे अशी खात्री झाल्यावर खलाशी खूण करतो आणि तंत्रज्ञ एक पाऊल टाकून शिडीवर जातो. एकच पाऊल! पण शिडी आणि नौका यांच्यामध्यें जें अंतर आहे त्यांत पाय सांपडला तर हाडाचा चुरा होण्यास दुसरी लाट लागत नाहीं. पाय टाकल्यावर घोटाळून चालत नाहीं. वर सरकावें लागतें, कारण खालून नौका उसळून येण्याचा संभव असतो.

वर गेल्यावर मनोऱ्याच्या आंत लहानसा पाळणा असतो. तो बंद असेल तर शिडीनें शंभर मीटर चढावें लागतें. माथ्यावर एखाद्या घराएवढी यंत्रकोठी असते. तींत जनित्र, ब्रेक, तेलाचे पंप, विजेच्या पेट्या आणि कोठीला वाऱ्याच्या दिशेनें वळविणारीं चक्रें दाटीनें बसविलेलीं असतात. कामास हात घालण्यापूर्वीं चक्की थांबवून तिच्या फिरत्या भागांत पोलादी खुंटी अडकवितात, वीज तोडतात, आणि ती तोडल्याच्या जागीं प्रत्येक तंत्रज्ञ आपलें स्वतःचें कुलूप घालतो. किल्ली त्याच्या खिशांत राहते. आंत जितकीं माणसें तितकीं कुलपें. शेवटचा मनुष्य बाहेर येऊन आपलें कुलूप काढीपर्यंत त्या यंत्राला कोणीही जागें करूं शकत नाहीं. दुसऱ्याच्या जिवाची किल्ली त्याच्याच खिशांत असावी, ही व्यवस्था साधी आहे, पण तिच्यामागें फार शहाणपण आहे.

मग जें काम होतें तें ऐकणाऱ्यास कदाचित् नीरस वाटेल. बोल्ट ताणून पाहणें, वंगण भरणें, तेल गाळणाऱ्या जाळ्या बदलणें, पातीं वळविणाऱ्या नळ्यांतून तेल पाझरतें का तें पाहणें, खाऱ्या हवेनें धरलेला गंज खरवडून रंग देणें, विजेच्या तारांच्या जोडांची उष्णता मोजणें. पुष्कळ वेळां बिघाड अगदीं क्षुद्र असतो. वाऱ्याची दिशा सांगणारें एखादें लहानसें उपकरण बंद पडतें, आणि सारी चक्की खबरदारी म्हणून उभी राहते. खिशांत मावेल असा भाग बदलण्यासाठीं समुद्रांत तास न् तास प्रवास करून शंभर मीटर वर चढावें लागतें. पात्यांचें दुखणें याहून निराळें आहे. फिरतांना पात्याचें टोंक ताशीं सुमारें तीनशें किलोमीटर वेगानें हवा कापतें. त्या वेगांत पावसाचा थेंबही छर्ऱ्यासारखा आदळतो आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्यानें पात्याची पुढची कड झिजते. ती भरून काढणारे कारागीर दोरांवर लोंबकळत, पायांखालीं नुसता समुद्र ठेवून, सुताराच्या सावकाशपणानें घासकाम व लेपकाम करतात.

येथें अपघात झाला तर धांवून येणारा कोण? डॉक्टर किनाऱ्यावर आणि किनारा शेंकडों मैल नसला तरी तासांच्या अंतरावर. म्हणून वर एकट्यानें जाण्याची परवानगी नसते, आणि प्रत्येक तंत्रज्ञ हा आपल्या सोबत्याचा प्रथम तारक असतो. २०१२ मध्यें चक्क्यांचे मालक व कारखानदार यांनीं मिळून ‘ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन’ नांवाची संस्था काढली. तिच्या पायाभूत शिक्षणांत पांच विषय असतात: प्रथमोपचार, ओझें उचलण्याची रीत, आगीपासून बचाव, उंचीवरील काम आणि समुद्रांत जीव वांचविणें. दर दोन वर्षांनीं त्याची उजळणी करावी लागते. दोराला बेशुद्ध लोंबणाऱ्या सोबत्याला कसें उतरवावें, हें त्यांना प्रत्यक्ष करून दाखवावें लागतें. कारण पट्ट्यांत नुसतें निश्चल लोंबत राहणें हेंही थोड्या वेळांत जिवावर बेतूं शकतें. पाण्याचा धोका तर उघडच आहे. हिवाळ्यांत उत्तर समुद्राचें पाणी पांच-सहा अंशांपर्यंत थंड होतें. अशा पाण्यांत पडलेल्याचा श्वास पहिल्या मिनिटांतच बेताल होतो आणि थोड्याच वेळांत हातपाय ऐकेनासे होतात. यासाठीं पाणी आंत शिरूं न देणारा अंगभर पोशाख घातल्यावांचून कोणी नौकेवरून पाऊल उचलीत नाहीं.

सारी सिद्धता असूनही उंचीवरची आग किती निर्दय असते, हें २०१३ च्या ऑक्टोबरांत नेदरलंड्समध्यें दिसलें. ती चक्की जमिनीवरची होती. कामावर असलेल्या चौघांपैकीं दोघे उतरूं शकले. दोन तरुणांची वाट आगीनें अडविली आणि ते गेले. जमिनीवर, गांवाजवळ, अग्निशामक दळ खालीं उभें असतां जें घडलें, तें समुद्राच्या मध्यावर घडूं नये म्हणून काय करावें, हा प्रश्न प्रत्येक तंत्रज्ञ कोठींत शिरतांना मनाशीं बाळगतो. दोरानें झरकन् खालीं उतरण्याच्या साधनाची पिशवी कोठें आहे, तिच्या आणि आपल्यामध्यें काय काय आहे, हें पाहिल्याशिवाय शहाणा माणूस पाना हातीं धरीत नाहीं.

आतां त्या १,६८,००० युनिटांच्या आंकड्याकडे पुन्हां वळलें पाहिजे. अशी कल्पना करावी कीं, हिवाळ्यांत एक चक्की तीन आठवडे बंद आहे. रोज अंदाज पाहावा, रोज परत फिरावें असें चाललें आहे. अखेर एक सकाळ बरी उजाडते. नौका निघते, दोन तास लाटा खात चक्कीपाशीं येते. तिघे तंत्रज्ञ आहेत. त्यांतील दोघे अनुभवी, तिसरा नवा. दोघे तयार आहेत. लाट मर्यादेच्या आंतच आहे, पण कांठावर आहे. नवा पोरगा नौकेच्या नाकावर उभा राहतो, शिडीकडे पाहतो, एक लाट जाते, दुसरी जाते, आणि तो म्हणतो, “मला आज खात्री वाटत नाहीं.”

या धंद्याचा नियम असा आहे कीं, अशा वेळीं काम थांबतें. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार जितका कप्तानाचा, तितकाच कालच लागलेल्या उमेदवाराचा. आणि असें म्हणणाऱ्यास दोष लावावयाचा नाहीं. नियम कागदावर सोपा दिसतो. पण त्या नौकेवर तो पाळणें किती अवघड आहे! तीन आठवड्यांची बंदी, नौकेचें भाडें, इंधन, कचेरींतील प्रश्न, सोबत्यांच्या डोळ्यांतील थोडीशी अधीरता, हें सारें त्या एका वाक्याच्या विरुद्ध उभें असतें. तारुण्याला भित्रेपणाचा शिक्का मरणाहून जड वाटतो. शिडीवर उडी घेण्यास जें धैर्य लागतें तें अंगांत रक्त असलें कीं सुचतें. परंतु चौघांसमोर ‘नाहीं’ म्हणण्यास लागणारें धैर्य शिकावें लागतें, आणि तें जुन्यांनीं शिकवावें लागतें. अनुभवी तंत्रज्ञाची पारख त्यानें किती वादळांत काम केलें यावरून होत नसते. त्या पोराच्या वाक्यानंतर तो काय करतो, यावरून ती होते. तो कपाळाला आठी घालतो, कीं पट्ट्याचा आंकडा सोडून म्हणतो, “चला, उद्यां पाहूं”? पहिल्यानें असें केलें तर तो पोरगा पुढच्या खेपेस गप्प बसेल, आणि गप्प बसलेल्या माणसाचा पाय एखादे दिवशीं नळीवर सांपडेल. दुसऱ्यानें असें केलें तर एक दिवसाची वीज जाईल. वीज पुन्हां वाहते. पाय पुन्हां येत नाहीं.

ही शिकवण कोंकणच्या किनाऱ्याला परकी नाहीं. पावसाळ्यांत दर्या खवळला कीं कोळी आपली होडी वर ओढून झांपांखालीं ठेवतो, जाळीं विणीत बसतो, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मगच पुढच्या हंगामाला हात घालतो. त्या दिवसांत तो घरीं बसला म्हणून त्याला कोणी भ्याड म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. थांबण्यालाही त्यानें सणाची प्रतिष्ठा दिली. साताऱ्याच्या पठारांवर चाळकेवाडी, वनकुसवडें या भागांत फिरणाऱ्या चक्क्या महाराष्ट्रानें पाहिल्याच आहेत. समुद्रावरच्या चक्क्यांविषयीं भारत सरकारनें २०१५ मध्यें धोरण ठरविलें, आणि २०२४ च्या जूनमध्यें गुजरात व तामिळनाडु यांच्या किनाऱ्यांवर प्रत्येकीं ५०० मेगावॅटची उभारणी व्हावी यासाठीं ७,४५३ कोटि रुपयांच्या साहाय्याची योजना मंजूर केली. त्या चक्क्या जेव्हां उभ्या राहतील तेव्हां त्यांनाही मोटकरी लागतील, आणि किनाऱ्यावरच्या घरांतलीं मुलें त्यांत असतील अशी आशा करावयास हरकत नाहीं. पोहणें, दोर बांधणें, वारा ओळखणें हें त्यांना घरांतूनच मिळालेलें असेल. यंत्र शाळा शिकवील.

पण त्या मुलांना नौकेवर चढवितांना, लाट पाहून मागें फिरण्याचा अधिकारही त्यांच्या हातीं दिला पाहिजे, आणि तो त्यांनीं वापरला तर त्यांच्याकडे कोणी वांकड्या नजरेनें पाहतां कामा नये. विहिरीवरचा जुना मोटकरी नाडा विरलेला दिसला कीं बैल सोडून देई. पिकाला पाणी हवें असे, तरी देई. शेत एक दिवस सुकलें तरी चालेल, मोटकरी धावेवरून विहिरींत जातां कामा नये, हें घरधन्यालाही कळत असे.